प्रणाली गर्दीत चालेल का?

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून औषधवाटपापर्यंतचा सारा कारभार संगणकावर आणण्याचे प्रस्ताव आता वरचेवर येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून त्यांना वेगही आला आहे. हेतूबद्दल वाद नाही. मधुमेहाच्या रुग्णाचे जुने रिपोर्ट हरवले नाहीत, पेनिसिलिनची ॲलर्जी पडद्यावर दिसली, तीच तपासणी दोनदा झाली नाही, तर भले रुग्णाचेच आहे. प्रश्न एवढाच, की सादरीकरणात सुरेख दिसणारी पद्धत गर्दीच्या ओपीडीत टिकेल का?

त्यासाठी आधी साधे गणित मांडावे. चार तासांत एका डॉक्टरने १०० रुग्ण पाहायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ मिनिटे २४ सेकंद येतात. त्यातले एक मिनिट टायपिंगला गेले, तर तपासायला दीड मिनिटही उरत नाही. नजर पडद्यावर खिळते आणि पायावरची सूज, चेहऱ्यावरचा फिकेपणा पाहायचा राहून जातो. म्हणून नोंद कोण करणार, हे ठरल्याशिवाय प्रस्तावाला मंजुरी देऊ नये.

दुसरा प्रश्न कागदाचा. रजिस्टर बंद करण्याचा लेखी आदेश निघाला नाही, तर परिचारिका तीच माहिती दोनदा लिहीत बसतात. तिसरा, वीज किंवा नेट गेल्यावर अपघात विभागाने काय करायचे? चौथा, स्मार्टफोन नसलेल्या आजींचे काय? क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी केली की रांगेतला वेळ वाचतो, पण तो फोन असणाऱ्यांचा. शिवाय १४ अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. त्यामुळे जुनी खिडकी पुरेशा मनुष्यबळासह चालू ठेवावीच लागेल. पाचवा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो: कंत्राट संपल्यावर रुग्णांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात, आणि दुसऱ्या यंत्रणेत वाचता येतील अशा स्वरूपात मिळणार का?

हे प्रश्न केवळ आपल्याकडच्या टंचाईतून आलेले नाहीत. इंग्लंडच्या एनएचएसने २००२ मध्ये हाती घेतलेला अब्जावधी पौंडांचा संगणकीकरण कार्यक्रम २०११ मध्ये गुंडाळावा लागला. तिथे पैशांची वानवा नव्हती. वरून एकच साचा लादताना तो वापरणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना पुरेसे विचारले गेले नव्हते.

नवे औषध आपण आधी थोड्या रुग्णांवर तपासतो आणि अपाय दिसला तर थांबवतो. इथेही तेच करावे. एका विभागात तीन महिने प्रयोग करावा. केसपेपर काढल्यापासून हातात औषध पडेपर्यंत किती वेळ लागतो, हे प्रयोगाआधी आणि नंतर घड्याळ लावून मोजावे, तेही सोमवारच्या गर्दीत. प्रयोग केव्हा थांबवायचा, याची अट आधीच लिहून ठेवावी. रुग्णाचा वेळ वाढलेला दिसला, तर प्रणाली दुरुस्त झाल्याशिवाय ती दुसऱ्या विभागात नेऊ नये.