उकळते तेल संपले तेव्हा

१५३७ साली तुरीनच्या मोहिमेत आंब्रवाझ पारे या तरुण फ्रेंच शल्यचिकित्सकाजवळचे उकळते तेल संपले. बंदुकीच्या जखमा त्या तेलाने जाळण्याचा तेव्हा प्रघात होता! नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. आपल्या हातून माणसे मरणार, या धास्तीने त्यास रात्रभर झोप आली नाही. पहाटे पाहतो तो लेपाचे जखमी बऱ्यापैकी विसावलेले. तेलाने भाजलेले मात्र ज्वराने तळमळत होते.

क्षौरकर्माबरोबर शस्त्रकर्म शिकलेल्या पारेला लॅटिन येत नव्हते. १५४५ मध्ये त्याने आपला ग्रंथ फ्रेंचमध्येच लिहिला. म्हणूनच तो सामान्य शल्यकांना वाचता आला. हा शोध बुद्धीचा नसून टंचाईचा, हे त्याने लपविले नाही. मला त्याची थोरवी येथेच अधिक जाणवते.