राजीनाम्यामागचा भाऊ

पनवेलचा पदवीधर सकाळच्या लोकलने मुंबईत नोकरी शोधू लागला, की त्यास भित्रा म्हणण्याची आपणांस सवय आहे. वास्तविक याच गावात १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा औषधी कारखाना उभा राहिला; उद्योगाचे वावडे या मातीला नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला आपण देतो, पण अर्धाच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक होते. बढती डावलली जाताच १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बाणेदारपणा खराच, परंतु बेळगावचे सायकलींचे दुकान तत्पूर्वीच चालू होते आणि बंधू रामुअण्णा ते सांभाळीत होते. पुढे लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी प्रारंभी नाकारला, तो काळही निभावला. १९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी जागा व कर्ज दिले, तेव्हा किर्लोस्करवाडी वसली.

आज मुद्रा योजनेत तारणाविना कर्ज मिळते. मात्र धंदा पाय रोवीपर्यंत घर कोणी चालवावे? मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलणारा शिक्षक वा कारकून, त्याच मुलाने कार्यशाळा काढतो म्हटले, तर तेवढीच रक्कम उचलील काय?