यंत्र नवे, सूचना जुन्या

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आता महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीच्या खिडकीवर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या जुन्या वाक्याइतकेच परिचयाचे झाले आहेत. दोहोंचा उपयोगही एकच आहे: समोरच्या माणसाने पुढे काही विचारू नये. दौऱ्यावरचे साहेब निदान केव्हा परतणार हे तरी विचारता येत असे. सर्व्हर केव्हा परतणार, तो कोठे गेला आणि त्यास कोणी पाठविले, हे विचारण्याची सोय उरलेली नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, सातबाऱ्याचा उतारा, केळीच्या पीकविम्याची नोंद, परीक्षेचा निकाल अशी एकामागून एक कामे संगणकाच्या पडद्यावर गेली. त्यामुळे रावेर, यावल किंवा बोदवडहून भुसावळास आलेल्या माणसाचा अख्खा दिवस या तीन शब्दांवर अवलंबून राहतो.

सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. वीज जाते, केबल तुटते, अखेरच्या दिवशी गर्दी उसळते. ही कारणे काही प्रमाणात तरी क्षम्य आहेत. परंतु एक कारण असे आहे की, जे पूर्णपणे टाळता येण्याजोगे असूनही पुनःपुन्हा घडते, आणि त्याबद्दल कोणास जाब विचारला जात नाही. ते म्हणजे यंत्राची कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, बदलली जाते. पण तिच्यावर चालणाऱ्या वेब सर्व्हरला दिलेल्या सूचना मात्र जुन्याच राहतात. शनिवारी रात्री ‘अद्ययावतीकरण यशस्वी’ असा शेरा मारून मंडळी घरी जातात आणि सोमवारी सकाळी खिडकीसमोर रांग उभी राहते.

हा प्रकार समजून घेण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. कचेरीच्या कारभाराची ओळख पुरते. वेब सर्व्हर हा अभिलेखागारातील कारकून होय. मागणी आली की संबंधित कागद शोधून तो मागणाऱ्याच्या हाती द्यावयाचा, एवढेच त्याचे काम. कार्यप्रणाली म्हणजे तो कारकून ज्या इमारतीत बसतो ती इमारत. आणि ज्यास तंत्रज्ञ ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात, ती त्या कारकुनाच्या टेबलावरील हुकूमवही. कोणता कागद कोणत्या कपाटात आहे, कोणास आत सोडावे, कोणास दारातूनच परत पाठवावे, कोणते दार उघडे ठेवावे, हे सारे त्या वहीत लिहिलेले असते. कार्यप्रणाली बदलणे म्हणजे एका रात्रीत कचेरी नव्या इमारतीत हलविणे. कपाटे सरकली, दारांची कुलुपे बदलली, हुकुमाची परिभाषाही बदलली. मात्र वही जुनीच राहिली, तर प्रामाणिक कारकूनही काय करणार?

हे केवळ उपमेपुरते नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘अपाची’ या वेब सर्व्हरची २.४ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. आधीच्या २.२ या आवृत्तीत कोणास प्रवेश द्यावयाचा हे ‘ऑर्डर’, ‘अलाउ’, ‘डिनाय’ अशा शब्दांनी लिहीत. नव्या आवृत्तीत त्यासाठी ‘रिक्वायर’ हा शब्द योजण्यात आला. जुनी भाषा समजणारा एक दुभाषाही नव्या आवृत्तीबरोबर देण्यात आला होता. पण तो कामावर रुजू केलेला नसेल, तर जुनी वही वाचताच सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो. आणि जुन्या-नव्या हुकुमांची सरमिसळ झाली, तर ज्यांना आत घ्यावयाचे तेही बाहेरच अडकतात. २०१४ मध्ये आलेल्या ‘उबुंटू १४.०४’ या कार्यप्रणालीत अपाचीची हीच नवी आवृत्ती होती. तीत संकेतस्थळाच्या सूचना-फाइलीच्या नावाअखेरीस ‘.कॉन्फ’ हे शेपूट असणे आवश्यक झाले. ते नसलेली फाइल जागेवर असूनही वाचली जात नसे. पाने ठेवण्याचे मूळचे कपाटही एक खण आत सरकले. २०१५ च्या अखेरीस ‘पीएचपी’ या संगणकीय भाषेची सातवी आवृत्ती आली, तेव्हा माहितीकोशाशी संवाद साधण्याच्या ज्या जुन्या आज्ञांवर असंख्य लहान संस्थांची संकेतस्थळे उभी होती, त्या काढून टाकण्यात आल्या.

यातील एकही बदल गुप्त नव्हता. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदलले, काय वगळले आणि जुन्या सूचनांच्या जागी कोणत्या लिहाव्यात, याची टिपणे प्रसिद्ध होतात. ती वाचण्यास एखादा दिवस लागतो. म्हणजे सोमवारच्या रांगेचे मूळ यंत्राच्या लहरीत नसून न दिलेल्या त्या एका दिवसात आहे.

बिघाड झाल्यावर तो शोधण्याची रीतही ठरलेली आहे. नागरिकास सगळे बिघाड सारखेच दिसतात. सर्व्हर मात्र प्रत्येक वेळी निराळा आकडा सांगत असतो. ४०३ हा आकडा सांगतो की, कागद मागण्यास तुम्हांस मनाई आहे. ४०४ म्हणजे सांगितलेल्या जागी कागद नाही. ५०० म्हणजे आत काम करणारा कार्यक्रमच कोलमडला. ५०३ म्हणजे सेवा तूर्त देता येत नाही. पहिल्या दोन आकड्यांत कुलूप आणि कपाट तपासावयाचे, तिसऱ्यात कार्यक्रमाची भाषा. याखेरीज सर्व्हर स्वतःची रोजनिशीही लिहीत असतो. कोणत्या फाइलीच्या कोणत्या ओळीवर तो अडला, हे बहुधा तीत नोंदलेले असते. सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वी सूचनांची वही निर्दोष लिहिली आहे की नाही, हे तपासण्याची आज्ञाही अपाचीमध्ये आहे. प्रथम रोजनिशी वाचावी, मग एका वेळी एकच दुरुस्ती करावी, प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी आणि मूळ वहीची प्रत जपून ठेवावी. घाबरून एकदम दहा ठिकाणी हात घातला, म्हणजे शेवटी यंत्र चालू झाले तरी ते कशाने चालले हे कोणासच कळत नाही. कित्येकदा तर ‘तूर्त चालू दे’ म्हणून सारीच कुलुपे काढून ठेवली जातात आणि ती पुन्हा लावण्याचे स्मरण राहत नाही. आजचा बिघाड दूर करताना उद्याच्या चोरीस दिलेले ते आमंत्रणच असते.

यावर एक सोपा उपाय काही जण सुचवितात: जे चालले आहे त्यास हात लावू नये. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण तो महागात पडतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज प्रणालीतील एका गंभीर उणिवेवरचा इलाज मार्च २०१७ मध्ये उपलब्ध करून दिला होता. ज्यांनी तो लावला नाही, त्यांना १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने गाठले. दीडशेहून अधिक देशांतील संगणक त्याच्या तावडीत सापडले आणि ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांवर रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द करण्याची वेळ आली. सर्व्हरसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या ‘सेंटओएस ७’ या प्रणालीची देखभाल ३० जून २०२४ रोजी थांबली. त्यानंतर तिच्यात सापडणाऱ्या छिद्रांना तिच्या निर्मात्यांकडून ठिगळ मिळत नाही. तेव्हा बदल करावा की न करावा, असा पर्यायच उरत नाही. प्रश्न एवढाच आहे की, तो नीट करावयाचा की रांगेच्या जिवावर करावयाचा?

हा प्रश्न तंत्रापेक्षा अर्थशास्त्राचा अधिक आहे. संगणक खरेदी केला की फीत कापता येते, छायाचित्र निघते, जडवस्तुसंग्रह नोंदवहीत एक ओळ वाढते. देखभालीस समारंभ नसतो. म्हणून खरेदीस तरतूद मिळते आणि देखभाल ‘किरकोळ’ या शीर्षाखाली ढकलली जाते. परंतु न केलेला खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातो. संस्थेने तंत्रज्ञाच्या दोन दिवसांचे वेतन वाचविले, असे तिच्या हिशेबात दिसते. त्याच दोन दिवसांत शेकडो माणसांनी गमावलेली मजुरी, एसटीचे भाडे आणि हुकलेली अंतिम मुदत यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. खर्च ज्यांच्यावर पडतो आणि निर्णय जे घेतात, ती माणसे भिन्न असली म्हणजे काटकसरीच्या नावाखाली उधळपट्टी कशी चालते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

भुसावळकरांस ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. मुंबईकडील लोहमार्गावर एके काळी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता, तर इगतपुरीपासून भुसावळच्या बाजूस २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती. पाया बदलला की वरचे इंजिन चालत नाही, म्हणून मेलगाड्यांची इंजिने इगतपुरीस बदलावी लागत. मुंबईकडचा प्रवाह बदलावयाचे ठरले, तेव्हा रेल्वेने एका रात्रीत कळ दाबली नाही. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आणि उपनगरी गाड्या वापरात आणल्या, टप्प्याटप्प्याने मार्ग बदलले, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील हे परिवर्तन पूर्ण व्हावयास २०१६ साल उजाडले. स्थानकातील सिग्नल आणि सांधे यांची परस्परबद्ध यंत्रणा बदलावयाची असते, तेव्हाही आधी जाहीर सूचना निघते, गाड्या कमी केल्या जातात आणि प्रत्येक मार्ग स्वतंत्रपणे तपासल्यावाचून नवी यंत्रणा वाहतुकीच्या स्वाधीन करावयाची नाही, असा दंडक आहे. भुसावळच्या विद्युत इंजिन कारखान्यात इंजिने बंद पडण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीने उघडून तपासली जातात. देखभाल हा उपकार नसून नित्यकर्म आहे, ही जाणीव या गावाच्या अंगवळणी पडलेली आहे.

आणि हा दंडक ढिला पडला म्हणजे काय होते, तेही रेल्वेनेच दाखविले. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकाजवळ झालेल्या अपघातात २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. पूर्वी सिग्नलच्या जोडणीत केलेला फेरफार आणि फाटकाचे विद्युत अडसर बदलताना झालेल्या चुका हे त्याचे कारण असल्याचे चौकशीनंतर संसदेत सांगण्यात आले. एखादे संकेतस्थळ बंद पडणे आणि आगगाडी भलत्या रुळावर जाणे यांची बरोबरी कोणी करणार नाही. परंतु वृत्ती एकच आहे. बदल केला, चालते असे वाटले, आणि सर्व वाटा तपासल्या नाहीत.

ब्रिटनमधील ‘टीएसबी’ बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले सारे व्यवहार नव्या संगणकप्रणालीवर हलविले, तेव्हा लाखो खातेदारांना स्वतःचे पैसे दिसेनासे झाले. दोन माहितीकेंद्रांपैकी एकाचीच पुरेशी चाचणी झाली होती, असे पुढे स्वतंत्र चौकशीत निष्पन्न झाले. तेथील नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेस चार कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला, आणि २०२३ मध्ये तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखासही व्यक्तिशः दंड ठोठावला. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची तपासणी घाईने संगणकाच्या पडद्यावर नेली. निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर पुरेसे मानले गेले नाही. मात्र विद्यापीठातील त्या विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश हुकले, त्याची भरपाई कोणाच्या पदत्यागाने होत नाही. म्हणून शिक्षेपेक्षा पूर्वतयारीचे मोल अधिक.

ती तयारी अवघड नाही. मूळ यंत्रास हात लावण्यापूर्वी त्याच्या प्रतिकृतीवर बदलाची तालीम व्हावी. सूचनांच्या वहीची दिनांकित प्रत असावी आणि बिघडल्यास तासाभरात मागे फिरता यावे. प्रवेशाच्या किंवा विम्याच्या अंतिम तारखेच्या आगेमागे असा बदल करण्यास बंदी असावी. प्रत्येक अंदाजपत्रकात संगणकाच्या किमतीबरोबर त्याच्या देखभालीचे स्वतंत्र शीर्ष असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, सेवा जितके तास बंद राहील तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी नागरिकास अर्ज करावा लागू नये. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क ठरविला आहे. सेवा देण्याच्या मुदतीत सर्व्हरची सबब चालावयाची आणि अर्ज करण्याच्या मुदतीत मात्र चालावयाची नाही, हा न्याय नव्हे.

शाळा-महाविद्यालयांनीही या बाबतीत आपला वाटा उचलावयास हवा. संगणक विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस नवे संकेतस्थळ उभारावयास शिकविले जाते. चालू असलेले बंद न पाडता कसे बदलावे, हे क्वचितच शिकविले जाते. व्यवहारात मात्र दुसरेच कौशल्य नित्य लागते. एखाद्या महाविद्यालयाने आपल्याच जुन्या संगणकावर हा बदल विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, रोजनिशी वाचावयास लावली आणि प्रत्येक चुकीची नोंद ठेवावयास सांगितले, तर त्यास वेगळ्या प्रयोगशाळेची गरज भासणार नाही.

सर्व्हर आपण होऊन ‘डाऊन’ होतो, ही समजूत सर्वांच्याच सोयीची आहे, कारण यंत्रास जाब विचारता येत नाही. परंतु यंत्र नवे आणि सूचना जुन्या, ही स्थिती कोणा माणसाने निर्माण केलेली असते आणि माणसासच ती निस्तरावी लागते. तो माणूस कोण, हे बदलाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहिलेले असले, तर सोमवारची रांग पुष्कळशी ओसरेल.