गाडी गेल्यावर काय?

जीवनरेखा एक्स्प्रेस १९९१ साली मुंबईहून निघाली. रुळांवरचं हे रुग्णालय जिथे मुक्काम करतं तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया फुकट होतात. कौतुक आहेच. पण माझ्या मनात येतं ते गाडी पुढे गेल्यानंतरचं.

मी मास्तर असताना शाळेच्या वर्गांतच नेत्रशिबिरं भरायची. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळे. तो फुटला की माणूस पुन्हा चाचपडायला लागे. आमच्या आळीतल्या एका आजींचा असाच फुटला. त्यांचा हात धरायला सातवीतली नात घरी राहिली, ती शाळेत परत आलीच नाही. पटावरून तिचं नाव मीच कमी केलं.

आता भिंग आत बसवतात. तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, ही मदुराईच्या अरविंद रुग्णालयासारखी पद्धत केव्हाही बरी. वर्गात जंतुसंसर्गाची भीती फार. तरी चार दिवसांनी डोळा लाल झाला तर म्हातारीने जायचं कुठे? माझ्या मते, फेरतपासणीची तारीख ठरल्याशिवाय शिबिराचा नारळच फोडू नये. (आणि सगळ्यांनाच मोतीबिंदू नसतो हो! गोधडी शिवणारीला सुईत दोरा ओवायला साधा चाळिशीचा चष्मा पुरतो. तोही गाडीत ठेवा.)

आमच्याकडे पुढल्या महिन्यात अशी गाडी येणार आहे. मी फोन करून फेरतपासणीची तारीख विचारली. "कळवतो काका," म्हणाले. उद्या पुन्हा करणार आहे.