घराचा विमा आणि घरमालकांचा समज

मृग तोंडावर आला म्हणजे खानदेशात धाब्यांवर नवी माती पडते, पत्र्यांचे खिळे पुन्हा ठोकले जातात आणि नदीकाठची माणसे नदीकडे जरा संशयाने पाहू लागतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगावात जो हाहाकार माजविला, तो कोणी विसरलेले नाही. पांझरेचे पाणी चढल्यावर धुळेकरांची झोप कशी उडते, हेही सांगावयास नको. अशा वेळी 'आमच्या घराचा विमा आहे' हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. हे समाधान कितपत साधार आहे, याचा विचार पावसाआधीच झालेला बरा.

पुष्कळांच्या घराचा विमा मुळी असतच नाही. घरकर्ज देताना बँकेने एक हप्ता कापून घेतलेला असतो. परंतु तो अनेकदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नव्हे. घर पडलेच तर कर्ज मात्र उभे राहते.

ज्यांनी खरोखर घराचा विमा उतरविला आहे, त्यांची स्थिती बरी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी लागू केली, हे योग्यच झाले. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी फुटणे ही संकटे तीत येतात. दंगलही येते, आणि २००८ व २०१३ पाहिलेल्या धुळ्याला हा उल्लेख अनाठायी वाटणार नाही. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरले जातात. भरपाई मिळते ती पुन्हा बांधण्याच्या खर्चाची. प्लॉटचा भाव कितीही चढो, विम्याला त्याचे सोयरसुतक नाही.

परंतु आमच्या माणसाला भय कशाचे? लग्नसराईत सारे कुटुंब गावी गेले असता कुलूप तुटण्याचे. जळगाव सुवर्णनगरी म्हणून मिरवते आणि आमची बचतही सोन्यातच असते. साधी घरफोडी या मूळ पॉलिसीत नाही! पूर वा आग यांसारखे संकट ओढवले आणि त्यामुळेच सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती भरपाईस पात्र ठरते. रोकड, सोन्याच्या लगडी, खरेदीखते ही वगळलेलीच आहेत. दागिन्यांसाठी निराळी तरतूद व निराळा हप्ता. घरफोडीचा विमा त्याहूनही वेगळा.

दुसरे भय तड्यांचे. तापीखोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तिच्यावरच्या भिंती तडकतात. नव्या बांधकामाचे नेहमीचे खचणे व तडकणे, भरावाची जमीन सरकणे, सदोष आराखडा, हलके साहित्य यांपासून होणारी हानी विम्याबाहेर ठेवलेली आहे. ठेकेदाराने पाया उथळ ठेवला, तर त्याचे प्रायश्चित्त घरमालकाच्याच माथी.

म्हणून विमा नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. २०२२ च्या सरकारी निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास मदत १ लाख २० हजार रुपयांची, आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घरास अवघी ६,५०० रुपयांची. तेवढ्यात एक भिंत तरी धड उभी राहील काय?

आमचा आक्षेप आहे तो न वाचता केलेल्या सहीवर, आणि ती करवून घेणाऱ्यांवर. शिक्षकी पेशात असताना प्रश्न नीट वाचल्यावाचून उत्तर लिहू नये, असे आम्ही मुलांना सांगत असू. त्यांचे वडील मात्र इंग्रजी पॉलिसी न उलगडता कपाटात ठेवीत. येथील बँकांनी व पतसंस्थांनी विमा देताना त्यात काय मिळणार नाही, याचे एक पान शुद्ध मराठीत द्यावे, अशी आमची मागणी आहे.

दावा फेटाळला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. पुणे खानदेशाला जवळ नाही, हे खरे. पण तक्रार टपालानेही धाडता येते, आणि तिला शुल्क पडत नाही.