गोड नावाचा रोग

मराठी माणसाला आनंद झाला की साखर आठवते. लग्न ठरले की साखरपुडा होतो, कोणी शुभवर्तमान आणले की त्याच्या तोंडात साखर पडते, आणि पोर पास झाले की आळीभर पेढे फिरतात. अशा भाषेचा अध्यापक मधुमेही निघाला म्हणजे त्याने बोलावे तरी काय? तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ४४ व्या वर्षी, माझी उपाशीपोटीची साखर १५४ निघाली. १२६ किंवा त्याहून अधिक असा आकडा दोनदा आला की मधुमेह म्हणतात. मी दोन्ही वेळा उत्तीर्ण झालो.

या सदरात मी एरवी शब्दांची उठाठेव करतो, तेव्हा आधी नावाचेच बोलतो. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांतला एक मधुमेह. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्या जुन्या वैद्यांनी टिपून ठेवले. निरीक्षण नामी, पण नाव ऐकून लोकांची समजूत अशी झाली की साखर खाल्ली म्हणून हा रोग येतो आणि साखर सोडली की जातो. प्रकार निराळा आहे. रक्तातली साखर पेशींच्या आत जायची तर बहुतेक ठिकाणी तिला इन्शुलिनची चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी स्वादुपिंड लिहिते. काहींचे स्वादुपिंड लिहिणेच बंद करते. हा पहिला प्रकार, बहुधा लहान वयात गाठणारा. माझा दुसरा. यात चिठ्ठी येते, पण पेशी ती मानत नाहीत, आणि लिहून लिहून स्वादुपिंडही थकते. मग रक्तात तिष्ठत राहिलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा नासवू लागते. हे सारे पुष्कळदा न दुखवता चालते, हीच त्यातली वाईट गोष्ट.

यावरची एक तपासणी मला प्राध्यापक म्हणून फार आवडते. तिचे नाव एचबीए१सी. उपाशीपोटीची तपासणी म्हणजे आदल्या रात्री गाईड वाचून दिलेली परीक्षा; दोन दिवस जिभेला लगाम घातला की आकडा जरा बरा येतो. एचबीए१सी म्हणजे हजेरीपट! तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि त्या काळात भेटलेली साखर त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. मागच्या दोन-तीन महिन्यांत गृहस्थाने काय काय केले, ते सारे उघड होते. साडेसहा टक्क्यांपासून मधुमेह धरतात. उपचार घेणाऱ्या बऱ्याच जणांना सातच्या आत राहायला सांगतात. माझा हजेरीपट ८.१ वरून ६.८ वर आला, तो मेटफॉर्मिनच्या गोळीने, भाताच्या निम्म्या वाढीने आणि जेवणानंतरच्या चालण्याने. चालताना स्नायू चिठ्ठीवाचूनही साखर आत घेतात.

काळजी मला माझ्यापेक्षा ताईची वाटते. ती रोज दोनदा इन्शुलिन टोचून घेते. सुईचे नाव काढले की आमच्या आत्याबाई ‘अखेरचा उपाय’ म्हणून डोळ्यांना पदर लावतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले, आणि मरणपंथाला लागलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. आत्याबाईंना हे मी दोनदा सांगून पाहिले आहे.

ताईला उपासांची हौस. गेल्या आषाढी एकादशीला तिने इन्शुलिन नेहमीइतके घेतले आणि पोटात मात्र केळ्याचा तुकडा. अकराच्या सुमारास ती घामाने डबडबली, हात कापू लागले, पोटच्या मुलीला भलत्याच नावाने हाक मारू लागली. भाचीने बोट टोचून यंत्रावर पाहिले, तो ४८. सत्तरच्या खाली गेले की वेळ दवडू नये. शुद्ध होती म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचे नसते, त्याला थेट दवाखान्यात न्यावे). पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले. ७६. मग वरणभात भरवला.

“एकादशी मोडलीस गं माझी,” हे ताईचे शुद्धीवर आल्यावरचे पहिले वाक्य.

आता उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारून ती मात्रा ठरवून घेते, आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते. भाऊबीजेला ओवाळून झाले की ती एका करंजीचे दोन तुकडे करते, मोठा स्वतःकडे ठेवते आणि धाकटा मला देते. मग आम्ही दोघे आळीच्या टोकापर्यंत चालून येतो.