घोटाघोटाचा हिशेब

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या बाईला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, 'किती किलो उतरले?' 'आज पाणी किती पोटात गेले?' हे कुणी विचारत नाही. पहिले काही आठवडे खरा प्रश्न तोच असतो. घरी सोडलेल्या रुग्णाला सलाइनसाठी पुन्हा इस्पितळ गाठावे लागते, त्यामागे शरीरातले पाणी आटणे हे नेहमीचे कारण आहे.

या शस्त्रक्रियेच्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते केळ्यासारखी एक अरुंद नळी, तीही सुरुवातीला सुजलेली. 'बायपास' या दुसऱ्या प्रकारात तर जठराची पिशवी जेमतेम 30 मिलिलिटरची. तिथे तांब्या तोंडाला लावला, तर छातीत कळ येते नाहीतर उलटी होते. म्हणून सुरुवातीला सहसा दर 15 मिनिटांनी 30 मिलिलिटर द्रव घ्यायला सांगतात. दिवसाचे उद्दिष्ट मात्र दीड ते दोन लिटर. दीड लिटरचे असे 50 वाटे होतात आणि त्यांना साडेबारा तास लागतात! एरवी वरणभात, भाजी, फळे यांतूनही बरेच पाणी मिळते. ती वाट या दिवसांत जवळजवळ बंद असते. पुढे जेवण सुरू झाले, की जेवताना पाणी नको आणि जेवणानंतरही अर्धा तास नको. तेवढा वेळ आणखी वजा.

आता ही बाई दोन-तीन आठवड्यांनी कामावर रुजू होते. डोंबिवलीहून सीएसएमटीला धीम्या लोकलने सव्वा तासाच्या वर. डब्यात स्वच्छतागृह नाही. स्थानकावरच्या स्वच्छतागृहात पाऊल टाकवत नाही, म्हणून कित्येक जणी घरातून निघण्यापूर्वी पाणी पितच नाहीत. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' चळवळ याच दुखण्यावर बोट ठेवत आली आहे. इतर बायका निदान रात्री घरी आल्यावर दोन ग्लास पाणी एका दमात पिऊन घेतात. हिला तेही जमणार नाही. जाता-येता चार तास तोंड कोरडे राहिले, तर 16 वाटे गेले, ते त्या दिवशी परत मिळत नाहीत. मग गडद लघवी, डोकेदुखी, उठताना येणारी भोवळ. आणि घरचे म्हणतात, 'खात नाहीस ना, म्हणून अशक्तपणा आलाय,' आणि पुढे लाडू ठेवतात. त्यांची माया खरी असते, पण त्या घटकेला तिला हवे असते ते वरणाचे गाळलेले पाणी नाहीतर पातळ ताक, तेही घोटघोट. एक घोटही पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला फोन करावा, सकाळची वाट पाहू नये. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तिचे काय करायचे हेही घरी सोडतानाच विचारून घ्यावे.

डिस्चार्जच्या कागदावर प्रथिनांचे ग्रॅम ठळक अक्षरांत असतात. त्याच कागदावर शल्यचिकित्सकांनी कचेरीसाठीही चार ओळी लिहून द्याव्यात: जागेवर पाण्याची बाटली ठेवू द्यावी, दर पाव तासाला घोट घेण्याची मुभा द्यावी, स्वच्छतागृहात जाताना कुणी घड्याळ दाखवू नये, आणि पहिला महिनाभर गर्दीची वेळ टाळून यायला परवानगी असावी.